बंदरावरची बिनपायऱ्यांची कमान

आगबोटीच्या दिवशी राघो मेस्त्री बंदरावर माणसे मोजत असे. किती आली ते नव्हे. ती किती उंच, किती रुंद, आणि तीही ओझ्यासकट. खुणा केलेला बांबू धरून तो धक्क्याच्या टोकाशी, बोटीवरची माणसे पडावाच्या होडीतून उतरत तिथे, उभा राही. हमालाच्या डोक्यावरची ट्रंक, मासळीवालीची पाटी, कडेवर मूल घेतलेली बाई, सगळ्यांवरून त्याची नजर आधी वर जाई आणि मग पायांवर येऊन थांबे. चेहरा तो शेवटी पाही, तोही वेळ उरला तर.

सन तीसच्या आसपासची ही गोष्ट. मुंबईहून कोणी बडा साहेब येणार म्हणून गावातल्या प्रतिष्ठितांनी स्वागत मंडळ काढले. मी शाळामास्तर, अक्षर बरे, म्हणून चिटणीस झालो. अध्यक्ष एक रावसाहेब होते. पदवी नुकतीच मिळालेली, त्यामुळे नव्या वहाणेसारखी ती त्यांच्या चालण्यात ऐकू येई. मंडळाने ठरवले, की बंदराच्या तोंडाशी जांभ्याची कायमची कमान उभारायची. वर दोन सिंह, मधोमध अध्यक्षांच्या नावाची फरशी, आणि जुन्या तीन पायऱ्या काढून त्यांच्या जागी नव्या, अधिक उंच. पाहुण्याने नगरात चढून यावे, अशी कल्पना. समुद्रातून येणाऱ्याला चढावेच लागते, हे मी इतिवृत्तात लिहिले नाही.

काम मेस्त्रीकडे आले. मूळचा तो देवरूखच्या बाजूचा, पण हयात बंदरावर गेलेली. त्याने चिरे काढून आणले आणि पावसाळाभर उघड्यावर टाकून दिले. मंडळ चुळबुळ करू लागले. मेस्त्री म्हणाला, "एक पाऊस खाऊंदे. मग कच्चा कोनता, पक्का कोनता, त्यो आपनच सांगंल." हे तो चिऱ्यांविषयीच म्हणाला असावा. पाहिले मात्र त्याने मंडळाकडे.

पावसाळा संपल्यावर त्याला बैठकीला बोलावले. तो दाराशीच उभा राहिला.

"सिंव्ह घालतो. दोन कशाला, चार घालतो. पन पायऱ्या नाय घालनार. उतार करनार."

"अरे, पायऱ्यांशिवाय कमान म्हणजे गोठ्याचं दार!" रावसाहेब म्हणाले.

"गोठ्यात कोन घसरून पडत नाय, रावसाहेब."

सगळे हसले. रावसाहेब हसले नाहीत. "पायऱ्या घालायच्या नसतील तर काम सोड. दुसरा माणूस तयार आहे."

मेस्त्री हातातल्या बांबूकडे पाहत राहिला. मग हळूहळू बोलू लागला.

"आता ज्या पायऱ्या हायत, त्या कोनी घातल्या ठावं हाय? मीच. काळ्या दगडाच्या. घासून घासून अशा केल्या, की त्यात तोंड दिसंल. लोक बगायला यायचे. माझा पोरगा मुंबईला गिरनीत व्हता. तापानं पडला, म्हनून बोटीनं घरला आनला. चौघांनी झोळी धरली, म्होरं मी. पायरीवर पाटीतलं पानी सांडलेलं. माझाच पाय सरकला."

त्याने बांबू दुसऱ्या हातात घेतला.

"दोन दिस जगला. डाक्तर म्हनाला, तो तापानंच जायचा व्हता. आसंल. काम कोनालाबी द्या. पन उतार करा, येवढंच म्हनतो."

रावसाहेबांनी तपकिरीची डबी उघडली, तशीच मिटली. "चिटणीस," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उतार लिहा. आणि काम यालाच." त्या दिवशी मला त्यांच्या पदवीबद्दल प्रथमच आदर वाटला.

कमान झाली. चौघांना झोळी घेऊन न थबकता जाता येईल इतकी रुंद, डोक्यावर ट्रंक असलेल्या सर्वांत उंच हमालाला वाकावे लागणार नाही इतकी उंच. उताराच्या दगडावर टाकीचे घाव त्याने मुद्दाम तसेच ठेवले. एकही दगड घासू दिला नाही. बाजूला ओझे टेकायला कठडा केला. साहेब आलेच नाहीत. मंडळ बरखास्त झाले, सिंह राहिले. एकाचे तोंड खाऱ्या वाऱ्याने इतके झिजले आहे, की तो आता मेंढ्यासारखा दिसतो.

काही वर्षांनी, ऐन पावसात बोटी बंद असताना, मेस्त्री गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी त्याला शेवटचे पाहिले होते. आजारी आईला मी मुंबईहून परत आणत होतो. औषधांचे आता काही चालणार नव्हते. तिला फक्त घरी यायचे होते. चौघांनी तिची खुर्ची उचलली, मी छत्री धरून शेजारी चाललो. मेस्त्री कठड्यावर बसला होता, बांबूची आता काठी झाली होती. त्याने मला ओळखले नाही, आईकडे पाहिले नाही. तो पुढच्या माणसाचे पाय पाहत होता. ते पाय उतार चढले, कमानीखालून गेले, रस्त्याला लागले. त्यांची चाल कुठेही बदलली नाही.

आईने डोळे न उघडता विचारले, "बंदर आलं का रे?"

"मागे गेलं, आई."

मी वळून पाहिले. मेस्त्रीची नजर पुन्हा धक्क्याकडे लागली होती. पडावातून अजून माणसे उतरत होती.