ससाण्याच्या नावाची पाटी

नव्वदच्या आसपास आम्ही मुंबईतली चाळ सोडून नवीन पनवेलला राहायला आलो. समोर विचुंब्यापर्यंत मोकळी भातशेतं. दिवाळीनंतर कापणी झाली की तिथे एक छोटा ससाणा यायचा. पंख फडफडवत हवेत एकाच जागी थांबायचा आणि धपकन उंदरावर पडायचा. चाळीत बाबांच्या वाट्याला खिडकीएवढंच आकाश आलं होतं. त्यामुळे ते ऑफिसला जायच्या घाईतसुद्धा चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे.

सोसायटीचं नाव ठरवायला गच्चीवर मीटिंग भरली. बाबांनी सुचवलं, "ससाणा."

पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे काय, तेही सांगा."

मॅट्रिकला बाबांचं संस्कृत होतं. "शश म्हणजे ससा, अदन म्हणजे खाणं. शशादनाचा झाला ससाणा."

"अगंबाई! आम्ही गुरुवारी अंडंसुद्धा घरात आणत नाही, आणि लेकीच्या लग्नपत्रिकेवर पत्ता छापायचा सशाला खाणाऱ्याचा?"

"अहो, हा मुठीएवढा. ह्याला ससा उचलणार तरी आहे का? उंदीर आणि टोळ खातो बिचारा. पुस्तकात त्याला खरूची म्हणतात."

"खरूची म्हणजे?"

ते बाबांना ठाऊक नव्हतं. तिथेच बाबा खटला हरले.

हात वर करून मतं घेतली. बाबांचा एकच हात वर. माझाही होता, पण मी पडले शाळकरी, मला कोण मोजतंय! आई सगळ्यांना चहा देत होती. सोसायटीला देवाचं नाव मिळालं आणि बाबांना 'ससाणेसाहेब'. आईला ह्या चिडवण्याचा भारी राग यायचा.

घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "तू तरी हात वर करायचास."

"माझ्या हातात किटली होती."

"खाली ठेवता येते किटली."

ते मनाला लावून बसले होते. पण हट्टही सोडला नाही. पाटीवरचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. रिक्षात बसले की "ससाणा बिल्डिंग" म्हणायचे आणि घर येईपर्यंत रिक्षावाल्याला शशादन समजावायचे.

पुढे शेतांत बिल्डिंगी उभ्या राहिल्या. ससाणा यायचा बंद झाला, तेव्हा मी कॉलेजात होते. एकदा आई आणि मी बाजारातून रिक्षात बसलो. आईने देवाचं नाव सांगितलं.

"त्या नावाच्या चार हायेत, मावशी. कंची?"

आईने माझ्याकडे बघितलं, पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाली, "ससाणा बिल्डिंग."

"आसं बोला ना! माईत हाय."

आईने वाटेतच मला बजावलं, घरी बोलायचं नाही. मी चपला काढता काढताच बाबांना सांगून टाकलं.

बाबा खूप वेळ हसत राहिले. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "ठेवलीस एकदाची किटली खाली?"