शुआनचूच्या आईची बोर

यान मास्तरांच्या पोटात दुखायचं ते एका बाईच्या दोन ओळींमुळं.

आमच्या गावात लिहिता-वाचता येणारा हा एकटा माणूस. जपानी फौज ह्वांग-हो नदीच्या पलीकडं येऊन बसली, त्या साली गावानं ठरवलं की दर बाजारी देवळाच्या भिंतीवर देशाची एक कविता लिहायची. कोणीही सांगावी, मास्तरांनी चुन्यानं लिहावी. पहिली मास्तरांनी स्वतःचीच लिहिली. बर्फ, चंद्र आणि ताठ उभा देवदार. वाचून दाखवली तेव्हा लोकांनी माना डोलावल्या आणि राळ्यांचा भाव विचारायला निघून गेले.

पुढच्या बाजारी शुआनचूची आई चरखा सोडून आली. सूत कातून पोट भरणारी अक्षरशत्रू बाई. म्हणाली,

"आमच्या बोरीला बोरं नि काटे,
पाहुण्याला बोरं, चोराला काटे."

झालं! दिवस मावळायच्या आत पोराटोरांच्या तोंडी तेच. मास्तरांचा नुसता तिळपापड. खुद्द त्यांनी जन्मात देवदार पाहिला नव्हता, पोथीतच काय तो भेटलेला. पण देशासाठी झाड कसं भारदस्त हवं, आणि ही बया परसातलं काटेरी खोड घेऊन येते नि गाव डोक्यावर घेतं? वाचून बघणारं होतंच कोण! त्यांनी भिंतीवर पुन्हा आपलाच देवदार उतरवला आणि ही घ्या तुमची कविता म्हणून तिला सांगितलं.

ती रोज येऊन भिंतीपुढं उभी राहायची. एकदा बिचकत म्हणाली, "मास्तर, ह्यातली बोर कुठली ते दाखवा की. तेवढं एक अक्षर शिकते."

आमच्या लिपीत एका शब्दाला एकच अक्षर; मास्तरांनी तिचं बोट धरून देवदाराच्या अक्षरावर ठेवलं.

महिनाभर ती ते अक्षर अंगणातल्या मातीत काडीनं गिरवत होती. मास्तर येता-जाता बघायचे आणि, खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटायचं.

मग शुआनचू फौजेत निघाला. लढाईवर जाणाऱ्याच्या कापडी जोड्यात आईनं आतल्या तळव्यावर दोऱ्यानं काहीतरी भरायचं ही आमची रीत. तिनं लाल दोऱ्यानं तेच अक्षर भरलं होतं.

"बोर आहे बाळा," वेशीवर ती त्याला सांगत होती. "पाय टेकशील तिथं आपलं अंगण."

मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि पोरगा टेकडीआड गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी भिंत धुतली आणि तिच्या दोन ओळी होत्या तशा लिहिल्या. वाटलं, सुटलो. तेवढ्यात ती आली. तिचं बोट भिंतीवर वरून खाली फिरलं, पुन्हा वरून खाली.

"मास्तर, माझी बोर कुठं गेली?"

मास्तरांनी तिचं बोट बोरीच्या खऱ्या अक्षरावर ठेवलं आणि आधीचं अक्षर बोरीचं नव्हतंच हे कबूल केलं, आपल्या जळण्यासकट.

"कवितेचं राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या पायाखाली काय गेलं, तेवढं सांगा."