आमच्या ह्यांचं प्रोफाइल

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण आमचे हे ‘द्रष्टे’ आहेत हे मला एका रविवारी सकाळी भाच्याकडून कळलं. शिवाय ते ‘परिणामांवर लक्ष असणारे’ आहेत आणि त्यांना ‘बदलाची मनापासून आवड’ आहे. ह्या माणसाने दाढीचा ब्रश लग्नापासून बदललेला नाही.

भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. नोकरी कशी मिळवावी हे लोकांना शिकवणं हा त्याचा धंदा. स्वतः त्याने आजवर एकही नोकरी वर्षाच्या वर टिकवलेली नाही, म्हणजे मिळवण्याचा अनुभव दांडगाच. त्याला आम्ही मुद्दाम बोलावलं होतं, कारण ह्यांची नोकरी जाणार होती.

हे लिफ्टचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस. तेवीस वर्षं एका खिडकीपाशी, एका टेबलाशी. समोर नग येणार, हे तो मापणार, बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल. मग कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी एक यंत्र आणलं. ते मिनिटाला चाळीस नग तपासतं, चहा मागत नाही आणि उलट बोलत नाही. तपासणी विभागातल्या चौघांच्या हातात तीन महिन्यांची नोटीस पडली. त्यातले दोन महिने ह्यांनी ‘बघू’ म्हणण्यात घालवले. तिसऱ्यात साचलेल्या रजा संपवायला सांगितलं, म्हणून घरी बसले.

घरी बसले म्हणजे काय, घर तपासायला घेतलं. डब्यांची झाकणं नीट बसतात का, दारं किती करकरतात, जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंच आहेत का. एका सकाळी बाथरूमच्या कडीला लाल चिठ्ठी लटकत होती. मी हसले, चिडवलं, शेजारणीलाही रंगवून सांगितलं. पण खरं सांगायचं तर मी मनातून घाबरले होते. एक्कावन्न वर्षांचा माणूस, एकच काम येणारा, आणि ते काम करणारं यंत्र बाजारात आलेलं. महिनाअखेरीनंतर हा माणूस रोज सकाळी उठून कुठे जाणार?

म्हणून भाचा. आल्या आल्या त्याने ह्यांना भिंतीपाशी उभं करून फोटो काढायला घेतला.

“मामा, हसा.”

“मी हसतोय.”

“मामी, हे हसतायत?”

“एवढंच येतं त्यांना,” मी म्हटलं.

मग लॅपटॉप उघडून त्याने त्या नोकऱ्यांच्या साइटवर ह्यांचं प्रोफाइल रचायला सुरुवात केली. हे शेजारी चष्मा लावून बसले. ‘तपासनीस’ हा शब्द भाच्याने ऐकला आणि झुरळ दिसल्यासारखं तोंड केलं. त्या जागी ‘गुणवत्ता-नेतृत्व आणि परिवर्तनाचे शिल्पकार’ असं टाकलं. खाली ‘चाळीस जणांच्या चमूचं नेतृत्व’.

“चाळीस कुठले? आम्ही चौघं,” हे म्हणाले.

“पॅकिंगवाले धरा, हमाल धरा, कँटीन धरा.”

“कँटीनवाला माझं ऐकत नाही.”

“मामा, हे वाचणारी माणसं नसतात, आधी यंत्रच वाचतं. ते फक्त शब्द शोधतं. शब्द सापडले की फोन येतो.”

शेवटी त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: ‘तेवीस वर्षं, शून्य दोष! एकही सदोष नग हातून सुटला नाही.’ ह्यांनी चष्मा काढला. मी ओळखलं, आता गाडी अडणार. म्हणून मीच मध्ये पडले. मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. मुलं शाळा सोडून जातात तेव्हा त्यांचे दाखले मी लिहिते. त्यात ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यात ‘चांगली’ असं लिहायचं असतं. ज्याने प्रयोगशाळेतलं कपाट पेटवलं त्याचीही चांगली, आणि ज्याने मुख्याध्यापकांच्या स्कूटरच्या टाकीत साखर ओतली त्याचीही चांगली. कुणी विचारत नाही, कुणी फसत नाही, जग चाललंय. हे सगळं मी ह्यांना समजावून सांगितलं.

“तुझ्या दाखल्यावर लिफ्ट थांबत नाही,” हे म्हणाले.

असं बोलतात. मग माणूस घरात एकटा पडला तर नवल काय! तरी मी आणि भाचा दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं. भाच्याने जाता जाता फोटोभोवती एक हिरवं कडं लावलं. नोकरी शोधतोय, कधीही बोलवा, असा त्याचा अर्थ असतो म्हणे. भाचा खूश होऊन गेला. हे मात्र संध्याकाळपर्यंत त्या कड्याकडे बघत बसले.

“न तपासता हिरवं लावलं त्याने,” एवढंच बोलले.

गुरुवारी चमत्कार झाला. मी कामावरून नुकती आले होते आणि ह्यांचा फोन वाजला. हे फोन नेहमी स्पीकरवर घेतात, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. एका बड्या कंपनीसाठी माणसं शोधणारी मुलगी बोलत होती. आवाज असा गोड की ऐकूनच दात दुखावेत. सर, तुमचं प्रोफाइल फारच प्रभावी आहे, सर, गुणवत्ता प्रमुखाची जागा आहे, सर, आमच्या वरिष्ठांना तुमचं ते शून्य दोष अतिशय आवडलं. कागदांवर सही करायला असाच स्वच्छ माणूस हवा आहे. मी दारात उभी राहून हात जोडले. देवाला की ह्यांना, ते आता आठवत नाही.

हे शांतपणे म्हणाले, “त्या प्रोफाइलची तपासणी व्हायची आहे अजून. दोन दिवसांत करून कळवतो.”

मग ती मुलगी चाचरत म्हणाली, “म्हणजे, सर?”

“माझ्या भाच्याने बनवलंय. बनवणाऱ्याने स्वतःचं काम तपासायचं नसतं. ते मी करतो.”

तिने ‘नक्की सर’ म्हणून फोन ठेवला. मी कपाळाला हात लावला. मला वाटलं, निदान तोंडीच बोलले, कागदावर तरी काही गेलं नाही. पण मी ह्यांना अजून पुरतं ओळखलेलं नव्हतं. शुक्रवारी आणि शनिवारी मी शाळेत असताना हे टेबलाशी बसून दोन बोटांनी टाइप करत होते. शनिवारी दुपारी भाच्याचा फोन आला.

“मामी, मामांनी काय केलंय बघितलंत का? लोक एकमेकांना पाठवून पाठवून हसतायत! खाली माझाही उल्लेख आहे, मामी! ‘बनवणारा: भाचा’ असं!”

मी लॅपटॉप ओढला. प्रोफाइलच्या अगदी वर लिहिलं होतं: ‘हिरव्या कड्याकडे दुर्लक्ष करावे. तपासणी अहवाल खाली आहे.’ आणि मग एकेक बाब.

‘चाळीस जणांचे नेतृत्व. प्रत्यक्षात चार, पैकी एक कायम रजेवर. नापास.’

‘बदलाची आवड. पुरावा आढळला नाही. नापास.’

‘उत्तम संवादकौशल्य. पत्नीकडे चौकशी बाकी. निर्णय राखून ठेवला.’

‘तेवीस वर्षे, एकच काम. पास.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गोड मुलीचा निरोपही येऊन पडला होता. सध्या दुसऱ्या उमेदवारांचा विचार चालू आहे, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. चार दिवस राहिले होते नोटिशीचे. चार! मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नाकर्तेपणा हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. हुशारी मिरवायला मिळाली ना, आता बसा त्या कडीला चिठ्ठ्या बांधत, असंही म्हटलं. हे ऐकून घेत होते. ह्या माणसाला ओरडून बोललं तरी उत्तर मिळत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

“शेवटपर्यंत वाच,” एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

मी भांडायला आणखी दारूगोळा मिळावा म्हणून वाचलं. ‘शून्य दोष. नापास. तेवीस वर्षांत माझ्या हातून तीन वेळा चूक झाली, ती अशी.’ पहिली, नोकरीच्या पहिल्या वर्षातली. मापाचं हत्यार शून्यावर आणायचं राहिलं आणि सहा नग चुकीचे पास झाले, गिऱ्हाइकाने परत पाठवले. दुसरी, अंगात ताप असताना नगाचा जुना आराखडा समोर ठेवून मापं घेतल्याची. तिसरीला तारीख होती, चौदा वर्षांपूर्वीची. ‘कारखाना सुटण्याच्या वेळी अकरा नग न तपासता हिरवी चिठ्ठी लावली आणि सही केली. कारण: घाई. दुसऱ्या दिवशी पहाटे मालाची गाडी निघण्याआधी नग उतरवून तपासले. दोन सदोष निघाले. वरिष्ठांना लेखी कळवले. त्या वर्षीची बढती मिळाली नाही, ते योग्यच होते.’

ती तारीख मला पाठ आहे. लेकीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. ती दहा वर्षांची होती, तिला निबंधाचं पहिलं बक्षीस होतं. मी कारखान्यात तीन वेळा फोन केला होता. तिसऱ्या वेळी मी ओरडले होते, “एक दिवस नाही तपासलंत तर काय आभाळ कोसळणार आहे का?” हे वेळेवर आले, लेकीला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच न सांगता घराबाहेर पडले. मला वाटलं, रुसलेत. मग मीही रुसले आणि दोन दिवस बोलले नाही. बढती मिळाली नाही तेव्हा तर मी त्यांना किती टोचून बोलले होते. चौदा वर्षं ह्यांनी ह्यातलं अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आता सगळ्या जगासमोर लिहिलं तेही ‘कारण: घाई’.

मला रडू आलं. राग गेला नव्हता, रडूही आलं. हे चहा घेऊन आले, माझ्याकडे बघितलं आणि कप समोर ठेवला. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला.

पलीकडे एक बाई होत्या. आवाज घोगरा, गोडव्याचा मागमूस नाही. इमारतींमधल्या लिफ्टची देखभाल करणारी कंपनी त्या चालवत होत्या. “माझ्या पुतण्याने तुमचा तो अहवाल मला हसायला म्हणून पाठवला,” त्या म्हणाल्या. “मला काही हसू आलं नाही. मला एकच विचारायचंय. ते अकरा नग. न तपासता सही का केलीत?”

“घाई झाली,” हे म्हणाले.

“घाई सगळ्यांनाच असते. कुणाची घाई?”

“माझीच.”

“हे बघा, मी माणूस घेते तो उद्या दबावाखाली काय करेल ते बघून घेते. साहेब ओरडला होता? मालक?”

“नाही. माझीच चूक.”

आता खरं म्हणजे मी गप्प बसायचं होतं. नोकरीचा फोन होता, शेवटचे चार दिवस होते, आणि बायकोच्या एका फोनवर सही करणारा तपासनीस कोण ठेवील? दाखल्यावर ‘चांगली’ लिहिणाऱ्या बाईने तर मुळीच बोलायला नको होतं. पण मी बोलले.

“माझी घाई होती. मी त्यांची बायको. तीन वेळा फोन केला होता मी, आणि वाट्टेल तशी ओरडले होते.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, झालं, ही नोकरीही गेली.

“बरं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे एकदा बायकोमुळे. साहेबामुळे कधीच नाही?”

“नाही,” हे म्हणाले.

“मग नोटीस संपली की पुढच्या सोमवारी सकाळी आठला या. पगार फार नाही, जिने चढावे लागतील. आणि बाई, तुम्ही.”

“हो?”

“तुम्ही कामाच्या वेळात फोन करायचा नाही.”

त्या सोमवारी हे नव्या कामावर गेले. साडेपाचला परत येतो म्हणाले होते. साडेपाच झाले, सहा झाले. साडेसहाला मी जेवण झाकून ठेवलं आणि दोनदा फोन हातात घेतला. सात वाजले. कुठल्या तरी इमारतीत, कुठल्या तरी मजल्यावर हे टॉर्च लावून ब्रेक बघत असतील, आणि त्या घरांतली माणसं लिफ्ट बंद म्हणून त्यांना शिव्या घालत असतील. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि वाट बघत बसले.