कोथिंबिरीतून भरतीला

कोथिंबिरीचा वास आला की मला पोलीस भरतीची ती सकाळ आठवते. घरच्या भिंतीवर माझी उंची अर्धा सेंटिमीटर कमी भरत होती. माणूस झोपून उठल्यावर थोडा उंच असतो आणि उभं राहून-चालून पुन्हा कमी होतो, असं सरावाच्या सरांनी सांगितलं होतं. म्हणून काकांनी मला वांगणीहून भाजीच्या टेम्पोत, कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये गादी टाकून आडवीच नेलं. आई उशाशी बसून दटावत होती, "उठलीस तर बघ!" अंबरनाथच्या नाक्यावर हवालदाराने मागे डोकावून विचारलं, "पेशंट आहे का?" काका म्हणाले, "नाय साहेब, तुमच्यातलीच व्हायची हाय." तो पोट धरून हसला आणि पुढच्या रिक्षा हटवून त्याने आम्हाला वाट करून दिली. मैदानावर मोजणाऱ्या मॅडमनी पट्टी माझ्या डोक्यावर टेकवली, थबकल्या आणि केसांतून कोथिंबिरीची काडी उपसली. "ही धरत नाही हं," म्हणत त्यांनी पुन्हा मोजलं. मी श्वास रोखला. "भरली, जा पुढे!" आता त्याच नाक्यावर मी वर्दीत उभी असते, आणि भाजीचा टेम्पो आला की आधी मागे डोकावते.