अठराव्या प्रश्नाचं उत्तर

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, ज्यांच्याबरोबर पत्रकं वाटत हिंडतो त्या मित्रांच्याही नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे आहात असं धरून लिहितो. अनोळखी माणसासमोर मी कदाचित पुन्हा खोटं बोलेन.

मी पत्रकांवर वाढलो. बाबा कचेरीत कारकून, आजोबाही कारकून. पण संध्याकाळी बाबा फरशीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचे आणि शेजारी मी. समता, हक्क, जाब — हे शब्द मला पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचता आले. आता मीही लिहितो. लोक म्हणतात, हा कुणाच्या बापाला भीत नाही. ते ऐकलं की मी विषय बदलतो. कारण मी भितो. किती भितो, ते मला त्या दिवशी कळलं.

दोन वर्षांपूर्वी मी गारखेड्यात एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होतो. संध्याकाळची बॅच, सगळे मराठी शाळेतून आलेले. माझी शाळाही मराठीच, पण हे मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. क्लासच्या मालकांना तर नाहीच. ते शिकवता शिकवता दारात येऊन उभे राहायचे, हाताची घडी घालून. त्यांच्या चपला जिन्यात वाजल्या की मी फळ्याकडे वळायचो. आज पकडणार का हे मला? रोज हाच प्रश्न.

कमल त्या बॅचमध्ये होती. शहराबाहेरच्या शेंद्र्याची. घरी मेंढरं, थोडी जमीन, आणि ती स्वतः कारखान्यात पॅकिंगला. शिफ्ट सुटली की घरी न जाता बसनं थेट क्लासला यायची. वयानं माझ्याएवढीच असेल, पण मला ‘सर’ म्हणताना तिच्या आवाजात एक विश्वास असायचा. आज त्याचीच आठवण जास्त नकोशी होते.

एकदा मी शिकवत होतो — आपण म्हणतो ‘ती पहिली आली’, ‘ती हळू बोलते’. कितवी, कशी ते आधी आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीत अशा वाक्यांत क्रियापद आधी येतं, कशी आणि कितवी ते त्याच्या मागून. ‘शी केम फर्स्ट.’ ‘शी स्पीक्स स्लोली.’

“म्हंजी आधी आली का नाय ते सांगायचं, कितवी ते मंग,” कमल म्हणाली. “बरंय की सर. आमच्या घरी बी आधी तेच इचारत्यात.”

सगळा वर्ग हसला, मीही हसलो. तो चांगला दिवस होता. तो आधी सांगितला, कारण त्यानंतरचं सांगायचं टाळतोय — तुमच्या लक्षात आलं असेल.

शेंद्र्याच्या एका कंपनीत ऑफिसमधली जागा होती. आमच्या क्लासकडून एकच नाव जाणार होतं. चाळीस मार्कांचा पेपर, पहिल्या येणाऱ्याचं नाव. कमलला ती जागा हवी होती. “उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पाय सुजत्यात सर,” ती म्हणाली होती. “एकदा खुर्चीवर बसून काम करायचंय.”

आमच्याकडे पद्धत अशी — पेपर संपला की शेजाऱ्याशी अदलाबदल करायची, सरांनी उत्तरं वाचायची, शेजाऱ्यानं लाल पेनानं खुणा करायच्या. उत्तरांचा कागद मी सकाळी घाईत केला होता, कारण दुसऱ्या मांडीवर पत्रकाचं प्रूफ होतं. ते प्रूफ मी तीनदा वाचलं. उत्तरांचा कागद एकदाही नाही.

अठरावा प्रश्न होता, ‘तो तिसरा आला’ याचं बरोबर इंग्रजी निवडा. मी वाचलं, “अठरा — ब.”

कमलचा पेपर शेजारच्या इम्रानकडे होता. तो थबकला. “सर, इसका तो ‘क’ है. गलत मारूं क्या?”

कमल उभी राहिली. “सर, ‘क’च बरोबर हाय नं? तुमीच शिकवलं व्हतं. आधी आला, मंग कितवा.”

मी कागदाकडे पाहिलं. चूक दिसली — लगेच दिसली. ‘क’ होतं, ‘ही केम थर्ड’; मी ‘ब’ लिहिलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की माझं चुकलं, सगळ्यांनी खोडा. किती सोपं होतं ते? पण जिन्यात चपला वाजल्या होत्या. मालक दारात उभे होते, हाताची घडी घालून. आणि त्या भीतीतून जे बाहेर आलं ते मी नीट, पूर्ण लिहितो. मी म्हणालो —

“इंग्रजी म्हणजे मेंढरं हाकणं नाही, कमल. बस खाली.”

वर्ग हसला. हे माझं वाक्य होतं. जातीविरुद्ध पत्रकं लिहिणाऱ्याचं. ते कुठून आलं? कुणी शिकवलं नव्हतं. ते आत तयारच होतं, भीती वाटली तसं हाताला लागलं.

कमल बसली नाही लगेच. “मेंढरं मोजताना बी चुकून चालत नाय सर,” ती हळू म्हणाली. मग बसली. इम्राननं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फुली मारली.

कमलला एकोणचाळीस पडले. ज्याचं अठरावं उत्तर खरोखर चुकलं होतं त्याला चाळीस. यादी मालकांच्या टेबलावर शुक्रवारपासून सोमवारपर्यंत पडून होती. मी रोज त्या टेबलासमोरून गेलो. शनिवारी तर आत गेलो, आणि पंख्याचं बटण बंद करून परत आलो. रविवारी गुलमंडीतल्या छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा उचलला. वर ठळक अक्षरात माझीच ओळ होती — ज्ञानावर कुणाची मालकी नाही. सोमवारी नाव गेलं. कमल महिनाअखेरपर्यंत आली, कोपऱ्यात बसली, काही विचारलं नाही. मग यायची थांबली.

इथवरचं सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खरी गोष्ट मागच्या महिन्यातली आहे.

शेंद्र्याला कारखान्याच्या फाटकावर आम्ही पत्रकं वाटत होतो. दुपारची शिफ्ट सुटली. एक हात पुढे आला, मी कागद ठेवला, वर पाहिलं — कमल. अजून पॅकिंगचीच टोपी. ती तिथंच उभं राहून सगळं वाचू लागली, खाली माझ्या नावापर्यंत. आता ही सगळ्यांसमोर बोलणार, मला वाटलं. ती बोललीही, पण तसं नाही.

“चांगलं लिहिता सर,” ती म्हणाली. “एक इचारू? लई दिवस झाले, डोक्यातून जात नाय. त्या पेपरात अठरावं माझं बरोबर व्हतं का?”

माझे सोबती दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना ऐकू जात होतं.

“आता आठवत नाही,” मी म्हणालो.

“असंल,” ती म्हणाली. “मला वाटलंच माझंच चुकलं असंल. म्हणून मंग सोडूनच दिलं इंग्रजी.”

तिनं पत्रकाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि बसकडे गेली.

मला आठवत होतं. ‘क’. ते बरोबर होतं. बस सुटायला अजून वेळ होता, ती खिडकीशी बसलेली दिसत होती. मी वळलो आणि पुढच्या माणसासमोर पत्रक धरलं.