तीन बेल

कंपनीच्या पहिल्यावहिल्या मोटारबसवर कंडक्टर म्हणून त्याची नेमणूक झाली, तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला. आनंदाने नव्हे, काळजीने.

"घोडा निदान दमला की थांबतो रे. हे यंत्र कुणाच्या सांगण्यावरून थांबायचं?"

"माझ्या!" तो छाती फुगवून म्हणाला.

ते खोटं नव्हतं. बस चालवायला त्याचा सख्खा मामा होता. मामाचा उभा जन्म घोड्यांच्या ट्रामवर गेला होता आणि भाचा त्याच तबेल्यात घोड्यांना खरारा करत मोठा झाला होता. तबेला बंद पडला, रूळ उखडले गेले आणि मामा-भाचे दोघेही मोटारीवर आले. मामा स्टिअरिंगचं चाक लगामासारखं गच्च धरून बसायचा. मागे वळून बघणं त्याला ठाऊकच नव्हतं; सारं आयुष्य घोड्यांच्या कानांकडे बघण्यात गेलेलं. मागची खबर त्याला दोरीला बांधलेली बेल द्यायची. एक बेल म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे गाडी भरली, आता थेट शेवटच्या थांब्यावर. भरल्या गाडीत कुणाचा ना कुणाचा हात दोरीला लागायचाच, म्हणून तीन बेलनंतर वाजेल ती बेल ऐकायची नाही, असं मामाला शिकवण्यात आलं होतं. मामाने ते मनावर कोरून ठेवलं होतं.

तीन बेल द्यायची वेळ मात्र कधी आलीच नव्हती. चाकं भरीव रबराची आणि रस्ता दगडी; बसमधून उतरलेला माणूस आधी आपले दात चाचपतो, अशी अफवा घोडागाडीवाल्यांनी उठवली होती. बस दिसली की ते ओरडत, "काय कंडक्टर, आज किती हाडं खिळखिळी केलीत?"

कंपनीच्या साहेबांना हे झोंबायचं. त्यांनी नियमच केला: थांब्यावर माणूस उभा असताना बस न थांबता गेली, तर कंडक्टरने घरी बसायचं. आणि तबेल्याला तर कधीच कुलूप लागलेलं. ही नोकरी गेली तर परतायला घोडेसुद्धा नव्हते.

बसच्या मोजक्या माणसांत शिवणकाम करणारी एक मुलगी होती. रोज सकाळी मांडीवर गाठोडं घेऊन एकाच बाकावर बसायची आणि कापडबाजाराशी उतरायची. तिच्याशी बोलायला तो रोज घरून एक वाक्य ठरवून यायचा आणि रोज नुसतं तिकीट देऊन पुढे सरकायचा.

शेवटी तीच बोलली. "तुमच्या कोटाचं बटण लोंबतंय."

"असू दे."

"असू दे कसं? पडलं तर शोधत बसाल. काढा तो कोट. उतरेपर्यंत लावून टाकते."

त्याने कोट काढून दिला. बस अशी उडत होती की बाकांचे खिळे वाजत होते, पण तिची सुई काही चुकत नव्हती. तो बघतच राहिला. कापडबाजार समोर आला तरी दोरा तोडायचा बाकीच होता. तिने मान वर केली. "आला वाटतं माझा थांबा?"

त्याने गडबडीने दोरी ओढली. तिच्याकडे बघण्याच्या नादात ती दोनदा ओढली गेली. दोन म्हणजे तर 'चल'! चूक सावरायला त्याने घाईघाईने आणखी एक बेल दिली आणि झाल्या तीन.

"भरली एकदाची!" मामा आनंदाने ओरडला आणि त्याने बस भरधाव सोडली.

बसमध्ये जेमतेम चार टाळकी होती. थांब्यामागून थांबे गेले, वर केलेले हात मागे पडले. भाच्याने दोरी तुटेस्तोवर ओढली. मामाने शिकवल्याप्रमाणे एकही बेल ऐकली नाही. छत्रीवाले एक आजोबा खिडकीतून बघत कळवळले, "अहो, माझं घर गेलं!"

शेवटच्या थांब्यावर मामा हात पुसत मागे आला. "माणसं कुठायत?"

"कसली माणसं, मामा?"

"कसली म्हणजे? तीन बेल दिल्यास ना तू?"

दुसऱ्या सकाळी दोघे साहेबांपुढे उभे राहिले. "तीन बेल का दिल्या?" साहेबांनी विचारलं. खरं सांगायचं तर त्या मुलीला यात ओढावं लागणार. भाच्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, चूक माझी धरा," मामा म्हणाला. "बस हलकी पळत होती. रिकामी आहे हे मला कळायला हवं होतं."

तेवढ्यात दार ढकलून ती मुलगी आत आली. "माझी तक्रार आहे. काल या बसने मला पार टोकाला नेलं. माल पोचायला उशीर झाला, दुकानदाराची बोलणी खावी लागली."

भाच्याने टेबलावरची टोपी साहेबांकडे आणखी सरकवली.

"पण चूक बटणांची आहे," ती पुढे म्हणाली. "कंपनीने कोटाला बटणं लावलीत कच्च्या दोऱ्याने. कालचं बटण लोंबलं नसतं तर मी शिवायला बसले नसते आणि यांचं लक्ष उडालं नसतं. हे बघा." तिने त्याच्या कोटाचं एक बटण ओढलं, ते हातात आलं. मग तिने कालचं ओढलं. भाचा पुढे झुकला, बटण जागचं हललं नाही.

साहेबांनी मिशीवरून हात फिरवत हसू लपवलं. टोपी त्याच्याकडे सरकवून ते म्हणाले, "काल चुकवलेल्या प्रत्येक थांब्यावर आज खाली उतरायचं आणि माफी मागायची. आणि पुन्हा तीन बेल दिल्यास, तर बस खरोखर भरलेली हवी."

तो टोपी हातात घेऊन थांब्याथांब्यावर उतरला. "काल पुढे गेलो. चुकलं."

"आज माझं घर जागेवर आहे ना रे?" छत्रीवाल्या आजोबांनी विचारलं आणि बसमध्ये चढले. सगळे हसले. माफी मागणारी बस बघायला आलेले काहीजणही चढले. घोडागाडीवाला कुणासाठी असा खाली उतरलेला कुणी पाहिला नव्हता. हळूहळू लोकांना बसची सवय लागली. आता त्या मुलीसाठी घरून ठरवलेली वाक्यंही त्याच्या तोंडातून बाहेर पडू लागली.

मग एका सकाळी बस खरंच खच्चून भरली. त्याने ऐटीत तीन बेल दिल्या. बस करकचून थांबली. मामा खाली उतरला, मागे येऊन त्याने आत डोकावून पाहिलं, एकेका माणसाकडे बघितलं आणि मगच परत जाऊन बसला.

त्या मुलीशी त्याचं लग्न झालं. म्हातारपणी जेवताना पोट भरलं की तो ताटावर बोटाने तीनदा टकटक करायचा.

"तुमच्या तीन बेलवर कोण विश्वास ठेवणार?" असं म्हणत ती आणखी एक डाव भात वाढायची. तो निमूटपणे संपवायचा. जागा असायचीच.