टाचांचे खळगे

नात पुष्कळ शिकली आहे. परवा म्हणाली, "आजी, झिजणे हा शब्द कुठून आला ठाऊक आहे? जुन्या 'क्षि' धातूवरून. क्षि म्हणजे कमी होत जाणं."

"कमी झालेलं जातं कुठे, ते आहे का तुझ्या पुस्तकात?"

ती हसली. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण ह्या शब्दावर आमचं घर चाललं.

आमचे हे गवंडी. नव्या भिंती थोड्या, झिजलेल्या पायऱ्या फार. पायरी झिजली की तोच दगड पहारीने उचलायचा आणि पालथा करून बसवायचा. खालची बाजू कोरी करकरीत निघते. अख्खी गल्ली ह्यांना 'पालथ्या' म्हणे. मी तोंडावर अहो म्हणायची, मनात तेच.

आमच्या दाराची पायरी मात्र तशीच. धाकटे दीर भांडून गेले ते गेलेच. तेव्हापासून सासूबाई रोज उंबऱ्यावर बसायच्या, पाय खालच्या पायरीवर. चाहूल लागली की टाचा घासत पुढे सरकायच्या. दगड मऊ. वीस-बावीस वर्षांत दोन खळगे पडले. भुकटी त्यांच्या टाचांना लागून घरात यायची, ती मी केरात भरून टाकायची. कमी झालेलं जातं कुठे, हे नातीने उलट विचारलं असतं तर एवढं मी सांगितलं असतं.

सासूबाई गेल्या. खळग्यांत पाणी साचून शेवाळ धरलं. एकदा मी घसरले, तेव्हा शेजारची शिंपीण ह्यांना म्हणाली, "भावजी, जगाच्या पायऱ्या नीट करता, बायकोची हाडं काय फुकटची आहेत?"

"आईच्या टाचा आहेत त्या," हे एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहार लावली. दगड उलटला आणि हे खालीच बसले. मी हात पुसत बाहेर आले. खालच्या बाजूलाही दोन खळगे होते, मातीने भरलेले. ह्यांनी बोटाने माती काढली. अगदी जवळजवळ, इवल्या पावलांच्या कुणा बाईचे असावेत तसे. आमच्या आधी कुण्या गवंड्याने हीच युक्ती केली होती.

"कोण असेल हो?"

"कुणास ठाऊक. आईला वर ठेवलं तर ही मातीत, हिला वर काढलं तर आई. कुणाला पालथं घालू?"

दोन दिवस दाराला पायरीच नव्हती. आम्ही उड्या मारत आत-बाहेर करत होतो, आणि शिंपीण बेडकांची खुशाली विचारत होती. तिसऱ्या दिवशी ह्यांनी जन्मात पहिल्यांदा पायरीला नवा दगड आणला, त्याच खाणीतला. जुना दाराशेजारी उभा रोवला, दोन्ही अंगं उघडी. अजूनही तिथून जाताना मी पदर सावरते. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या आहेत असं वाटतं.

हे जाऊन चौदा वर्षं झाली. पहार खांद्यावर टाकून परत यायची ह्यांची वेळ झाली की मी उंबऱ्यावर बसते. येणार नाहीत हे मला कळतं, टाचांना कळत नाही.

नात निघताना चप्पल घालायला वाकली. पायरीवरून हात फिरवत म्हणाली, "आजी, इथे दगड दबलाय. दोन ठिकाणी."

"पाण्याने होतं तसं," मी म्हटलं, आणि पाय जवळ ओढून घेतले.